बाया कर्वे : एका आईचा हिशेब

पुण्यात कर्वे रस्ता आहे. मुंबईतल्या जुन्या क्वीन्स रोडला आता महर्षी कर्वे मार्ग म्हणतात. १९५८ साली त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. आपल्या हयातीत भारताच्या तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. १९६२च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा त्यांचं वय होतं १०४. हे सगळं शाळेत शिकवतात, मीही कितीतरी वर्षं शिकवलं. आज मात्र मला अण्णांबद्दल लिहायचं नाहीये. लिहायचंय ते त्यांच्या घरातल्या बाईबद्दल, म्हणजे आनंदीबाईंबद्दल. घरचे आणि जवळचे लोक त्यांना 'बाया' म्हणत. (नव्या पिढीसाठी सांगते, हे 'बाई'चं अनेकवचन नव्हे, हे त्यांचं लाडाचं नाव.)

मला हे लिहावंसं वाटलं त्याला एक कारण आहे. परवा आमच्या नात्यातल्या एक वयस्कर बाई गेल्या. दहाव्या-बाराव्याला जमलेल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "कधी म्हणून तोंडातून शब्द काढला नाही हो, सगळं मुलाबाळांसाठी केलं." ऐकून मी गप्प बसले, पण घरी आल्यावर विचार करत राहिले. मुलाबाळांसाठी आयुष्य वेचणं आणि तोंडातून शब्द न काढणं या दोन गोष्टी आपण एकत्र का बांधून टाकल्या आहेत? बायांनी मुलांसाठी आणि पुढे नातवंडांसाठी आयुष्यभर केलं, पण शब्द मात्र भरपूर काढले. नवऱ्याशी भांडल्या, पैशाचा हिशेब मागितला, आणि वयाच्या ऐंशीच्या घरात हे सगळं पुस्तक करून छापूही दिलं. त्या पुस्तकाचं नाव 'माझे पुराण'. १९४४ साली ते प्रसिद्ध झालं, आणि त्याचं संपादन केलं ते त्यांच्या सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनी.

आता जरा मागे जाऊ.

बायांचं माहेर देवरुखच्या जोश्यांचं. माहेरचं नाव गोदू. जन्म १८६५च्या आसपासचा. आठ-नऊ वर्षांची असताना नातू घराण्यात लग्न झालं आणि वर्षही उलटायच्या आत नवरा वारला. त्या वयात नवरा म्हणजे काय आणि वैधव्य म्हणजे काय, हे कळण्यासारखं काय होतं? भातुकलीतला एक गडी निघून गेला, एवढंच. पण भातुकली मोडली आणि खरी चूल गळ्यात आली. पुढची कितीतरी वर्षं सासरी शेतात आणि स्वयंपाकघरात राबण्यात गेली. पुढे केशवपनही झालं.

माझ्या वयाच्या वाचकांना हे चित्र डोळ्यापुढे आणायला त्रास पडणार नाही, कारण आम्ही ते शेवटचं शेवटचं का होईना, पाहिलं आहे. आमच्या कोकणातल्या घरी माझ्या वडिलांची आत्या होती, आम्ही मुलं तिला आत्याआजी म्हणायचो. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. ठरावीक दिवसांनी न्हावी मागच्या अंगणात यायचा आणि आम्हां मुलांना पुढे पिटाळलं जायचं. घरात मंगळागौर असो, मुंज असो, सगळ्या घराचा फराळ तिच्या हातचा, आणि कार्याच्या वेळी ती मात्र माजघराच्या दाराआड. आमच्या घरातली दहा-बारा मुलं तिने वाढवली. तिचं स्वतःचं एकही नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असेन, कुळीथ पाखडत बसलेल्या तिला मी विचारलं होतं, "आत्याआजी, तुझ्या नवऱ्याचं नाव काय गं?" ती सूप थांबवून जराशी हसली आणि म्हणाली, "आठवत नाही गो." लाजून नाव घेत नाही असं मला तेव्हा वाटलं. तिला खरंच आठवत नसावं, हे पुढे बीएला असताना 'माझे पुराण' वाचलं तेव्हा लक्षात आलं. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले होते.

गोदूच्या आणि आत्याआजीच्या नशिबात फरक कुठे पडला? एका भावामुळे. गोदूचा भाऊ नरहरपंत मुंबईला शिकायला होता. धोंडो केशव कर्वे हा मुरुडचा, गणितात हुशार, गरीब मुलगा त्याचा मित्र. हे लोक मुंबईत एकत्र बिऱ्हाड करून राहत होते. नरहरपंतांनी बहिणीला तिथे आणलं. घरात सगळ्यांचं करायला कुणी हवं होतंच, पण बहिणीने शिकावं हाही विचार त्यांच्या मनात होता. आणि नेमकं त्याच सुमाराला, ११ मार्च १८८९ रोजी, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. गोदुबाई ही शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. तेव्हा त्यांचं वय तेवीस-चोवीस. ज्या वयात त्यांच्या बरोबरीच्या बायका चार लेकरांच्या आया झालेल्या असत, त्या वयात त्या पाटी घेऊन बसल्या. डोक्यावर पुन्हा केस वाढू लागले. केस वाढणं ही किती साधी गोष्ट, नाही? पण त्या काळी एवढ्या एका गोष्टीने गावच्या गाव पेटलं असतं.

रमाबाईंबद्दल एक वाक्य इथे लिहायलाच हवं. पुढे १८९३ साली शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात मोठा गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखेही बाजूला झाले. त्या वादात कुणाचं किती बरोबर यावर आजही लोक लिहितात. मला त्यात पडायचं नाही. पण रमाबाई नसत्या तर बाया कर्वे झाल्या नसत्या, हे मात्र निश्चित.

इकडे कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. मागे नऊ वर्षांचा मुलगा रघुनाथ. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. वय तेहतीस, बायको गेलेली, नोकरी बरी. दहा-बारा वर्षांची एखादी कुमारिका गळ्यात पडायला कितीसा वेळ लागला असता? रीत तीच होती. पण त्यांनी ठरवलं, लग्न करीन तर विधवेशीच. आणि मित्राची बहीण तर माहितीतलीच होती. बायांच्या वडिलांची संमती मिळाली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं. शारदा सदन उघडलं ती तारीखही ११ मार्चच. चार वर्षांत त्याच तारखेला गोदूची आनंदी झाली.

विधवाविवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता दिली होती. म्हणजे लग्न बेकायदा नव्हतं. पण कायदा सरकारचा आणि गाव गावकऱ्यांचं. मुरुडकरांनी सभा घेऊन बहिष्कार घातला. बहिष्कार हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येतो आणि मुलं तो पाठ करून पुढे जातात. मी वर्गात त्याचा अर्थ फोड करून सांगत असे. तुमच्या घरी कुणी जेवायला येणार नाही, तुम्हाला कुणी पंक्तीला बसवणार नाही. श्राद्धाला ब्राह्मण मिळणार नाही. आजारपणात, बाळंतपणात शेजारीण दारात उभी राहणार नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, तुम्हाला थारा देणारा जो कोणी असेल, त्याच्यावरही हेच. त्यामुळे अण्णांना मुरुडला स्वतःच्या आईच्या घरी उतरता येईना. त्या माउलीचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. एका बाजूला पोटचा मुलगा, दुसऱ्या बाजूला त्याच गावात राहायचं असलेलं बाकीचं घर. तिने काय करायचं? पुढे आयाबायांसाठी एवढं मोठं काम उभं करणाऱ्या मुलाची पहिली किंमत त्याच्याच आईने मोजली.

तर असा संसार सुरू झाला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या बाया, पहिल्याच दिवसापासून अकरा वर्षांच्या मुलाची आई. हा रघुनाथ म्हणजेच पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे आणि संततिनियमनाचा प्रचार करून सगळ्यांच्या शिव्या खाणारे र. धों. कर्वे. १८९९ साली तो मॅट्रिकला पहिला आला. मग शंकर झाला, दिनकर झाला, भास्कर झाला. चार मुलगे.

आणि इथून हिशेबाची गोष्ट सुरू होते.

अण्णा गणिताचे प्राध्यापक, पण घरचं गणित त्यांनी कधी घातलंच नाही असं म्हणायला हवं. फर्ग्युसनच्या आजीव सेवकांचा पगार ठरलेला आणि बेताचा. त्यातून १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवा मुलींना राहायला आणि शिकायला जागा मिळावी हा हेतू. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, माळावरच्या झोपडीत गेला. कॉलेजातलं शिकवणं संपलं की अण्णा चार मैल चिखल तुडवत हिंगण्याला जायचे, तिथे मुलींना शिकवायचे आणि पुन्हा पुण्याला. हे चालणं आपल्या सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात आहे आणि ते असायलाच हवं. एकदा आठवीच्या वर्गात मी हा धडा रंगवून सांगत होते. मागच्या बाकावरची, एरवी कधी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "बाई, ते रोज तिकडे जायचे तर त्यांच्या स्वतःच्या मुलांना कोण बघायचं?" तिची आई धुण्याभांड्यांची कामं करायची आणि धाकट्या दोन भावंडांना तीच बघायची, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि तास संपेपर्यंत बायांबद्दल सांगितलं. परीक्षेला ते येणार नव्हतं, पण सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता.

अण्णांनी जवळ असेल नसेल ते आश्रमाला दिलं. विम्याची पॉलिसीसुद्धा. आता विम्याची पॉलिसी म्हणजे काय? नवऱ्याला उद्या काही झालं तर बायकामुलांच्या तोंडात दोन घास पडावेत म्हणून केलेली सोय. ती अण्णांनी देऊन टाकली. बाया यावरून भांडल्या. खूप भांडल्या. चरित्रकारांपैकी काहींनी हे जरासं सावरून सांगितलं आहे, जणू महर्षींच्या पत्नीला हे शोभत नव्हतं. मला तर वाटतं, त्या भांडल्या नसत्या तरच नवल. ही बाई एकदा विधवा होऊन बसली होती हो! नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या दारात कसं राबावं लागतं, अन्नाला कसं मिंधं व्हावं लागतं, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? अण्णांनी विधवांची दुःखं पाहिली होती, बायांनी ती भोगली होती. आणि यातली विलक्षण गोष्ट अशी, की ज्या कामासाठी ते पैसे जात होते ते काम पूर्वीच्या गोदूसारख्या मुलींचंच होतं. म्हणजे एका बाजूला आपण स्वतः जिथून आलो त्या मुली, दुसऱ्या बाजूला आपल्या पोटची पोरं. दोघांचाही हक्क खरा. बायांनी दोघींकडे पाहिलं, पण आई म्हणून बोलायचं तेव्हा मुलांच्या बाजूने बोलल्या. ते बोलणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

आणखी एक कडू गोष्ट आहे. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असं अण्णांचं धोरण होतं. ते शहाणपणाचंच होतं म्हणा, नाहीतर कुठल्या बापाने आपली विधवा मुलगी तिथे पाठवली असती? पण याचा परिणाम असा, की स्वतः पुनर्विवाह केलेल्या बायांना नवऱ्याच्या आश्रमात सुरुवातीला जागा नव्हती. ज्यांच्यासाठी नवरा अर्धा दिवस घराबाहेर, त्यांच्यातच ही परकी. देवाच्या दारात उभं राहून दर्शन न मिळणं म्हणतात ते हेच.

पण बाया रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. हा भाग मला फार आवडतो. बहिष्कारात पडलेल्या घराला बाळंतपणाच्या वेळी काय वाटतं हे अनुभवलेली बाई स्वतःच ती विद्या शिकायला जाते. हातात स्वतःची कला असली की नवरा काहीही देऊन टाको, मुलं उपाशी राहणार नाहीत, असाही हिशेब त्यात असणार. लहान मुलं मागे ठेवून जाणं सोपं नव्हतंच. आज मुलगी नोकरीसाठी मूल पाळणाघरात ठेवते तेव्हा आमच्या पिढीतल्या काही आज्या नाकं मुरडतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

याच घरात बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आली. तीही विधवा, पदरी मुलगा. तिला बहिणीचा मार्ग पटला नाही, तिने पुनर्विवाह केला नाही, पण ती शिकली आणि आश्रमासाठी आयुष्य दिलं. गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला जाऊन आली, 'माझी कहाणी' नावाचं पुस्तक लिहिलं. देवरुखच्या एका घरातल्या दोन मुली, दोघी लहानपणी-तरुणपणी विधवा, दोघींनी उलट्या दिशांनी वाट काढली आणि दोघींनी आत्मचरित्रं लिहिली. आपल्याकडे यावर एखादी मालिका निघायला हवी. पण मालिकावाल्यांना सासू-सुनांच्या कारस्थानांतून सवड मिळेल तर ना!

सासू-सुनांचा विषय निघालाच आहे तर बायांच्या सुनांबद्दल लिहिते. मधला दिनकर रसायनशास्त्र शिकला, पुढे फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. त्याची बायको म्हणजे इरावती कर्वे. 'युगान्त'वाल्या. इरावतीबाई १९२८ मध्ये जर्मनीला गेल्या आणि बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परत आल्या. त्यांनी आपल्या सासऱ्यांवर एक फार सुंदर लेख लिहिला आहे. त्यात अण्णांविषयीचा आदर ओळीओळीत आहे, पण अशा माणसाची बायको होणं काय असतं, हेही त्यांनी लपवलेलं नाही. सासूच्या वाट्याला काय आलं ते त्या सुनेला बरोबर दिसलं होतं. दुसऱ्या सूनबाई कावेरीबाई, भास्कररावांच्या पत्नी. त्यांनी आणि भास्कररावांनी हिंगण्याच्या संस्थेचं काम पुढे चालवलं, आणि सासूच्या आठवणी पुस्तकरूपात आणल्या. एका सुनेने सासूची बाजू ओळखली, दुसरीने ती जगासमोर आणली. सासू म्हणून बाया कशा होत्या याचं प्रमाणपत्र आणखी काय द्यायचं?

थोरला शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोम्बासाला गेला. अण्णा १९३०च्या अखेरीस आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा बायाही बरोबर होत्या. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, दक्षिण आफ्रिका असा पंधरा महिन्यांचा प्रवास. निमित्त संस्थेसाठी निधी आणि शिक्षणाचा प्रचार, पण आईला निमित्त लागतंच कुठे? मुलगा तिकडे होता. साठी ओलांडलेली ही बाई, जिला तेवीस वर्षांपर्यंत शाळा ठाऊक नव्हती आणि कोकणातल्या चुलीपलीकडचं जग ठाऊक नव्हतं, ती आगबोटीने समुद्र ओलांडून मुलाच्या घरी गेली.

आता गंमत बघा. मुलांच्या हक्कासाठी नवऱ्याशी भांडणाऱ्या याच बाया म्हातारपणी संस्थेसाठी पैसे गोळा करत होत्या. मोठमोठ्या देणग्या नव्हेत. विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या नावाने पंधरा लाख दिले होते, तो सगळा मोठ्या माणसांचा व्यवहार. (आईच्या नावाने! एस.एन.डी.टी.मधलं एन. म्हणजे नाथीबाई. मुंबईतल्या किती मुलींना आपल्या कॉलेजच्या नावात कुणाची आई आहे हे माहीत असेल?) बायांचं काम चिल्लर गोळा करण्याचं. ओळखीच्या घरी जायचं, थोडंसं काहीतरी मागायचं, पावती द्यायची. यात मला विसंगती अजिबात दिसत नाही. मुलं लहान होती तोवर त्यांच्या तोंडचं काढून देऊ दिलं नाही. मुलं आपापल्या पायांवर उभी राहिल्यावर त्या पूर्वीच्या गोदूंकडे वळल्या. ज्याचं त्याच्या वेळी. आपल्या आज्या वाढताना असंच करायच्या, आधी लहानग्यांची पंगत, मग पाहुणे, मग मोठे. कुणी उपाशी राहिलं नाही पाहिजे, पण क्रम असतो.

वसंत कानेटकरांचं 'हिमालयाची सावली' हे नाटक १९७२ साली आलं. नावं बदललेली आहेत, तिथे नानासाहेब भानू आहेत आणि बयो आहे, पण ती कुणाची गोष्ट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉ. लागू आणि शांता जोग. मी आणि आमच्या यांनी ते पाहिलं तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं. नाटक संपल्यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रिक्षात बसल्यावर म्हणाले, "तुझ्या पगाराचे पैसे तू तुझ्या नावानेच ठेव." त्या काळात हे वाक्य फार मोठं होतं! नाटक उत्तमच आहे, शांताबाईंची बयो डोळ्यापुढून हलत नाही. पण नावाबद्दल माझी तक्रार आहे. सावली म्हटलं की हिमालय खरा आणि ती त्याच्यामुळे पडलेली. सावलीला भूक लागत नाही. सावलीला चार मुलगे नसतात. सावली भांडत नाही, नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेत नाही आणि म्हातारपणी पुस्तकही करत नाही. कानेटकरांना हे कळत नव्हतं असं नाही, त्यांची बयो चांगली कडकडून बोलते. तरी नाव ते नाव.

बायांच्या नातवंडांबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दिनकर-इरावतींची जाई, आनंद आणि गौरी. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी लेखिका झाल्या, आनंद कर्वे शास्त्रज्ञ झाले. गौरीचा जन्म १९४२चा. म्हणजे आजी गेली तेव्हा ती आठ वर्षांची. गौरी देशपांड्यांच्या नायिका वाचून आमच्या पिढीतल्या बायका हादरल्या होत्या. कशाला बांधून न घेणाऱ्या, नवऱ्याला सरळ प्रश्न विचारणाऱ्या, स्वतःचं मन स्वतः तपासणाऱ्या बायका. लोक म्हणाले, हे सगळं परदेशी वाचनातून आलं. असेलही. पण मला गौरीच्या त्या बायका वाचताना विम्याच्या पॉलिसीवरून महर्षींना जाब विचारणारी तिची आजी आठवते. रक्तातून काय येतं आणि पुस्तकातून काय येतं, हे कुणी वेगळं करून दाखवावं? तेवीस वर्षांची होऊन पाटी धरणाऱ्या बाईच्या दोन नाती लेखिका. आजीच्या शारदा सदनातल्या पहिल्या दिवसापासून नातीच्या पहिल्या कथासंग्रहापर्यंत शंभर वर्षंसुद्धा झाली नव्हती.

पुढे १९६३ साली दिनकररावांनी 'द न्यू ब्राह्मन्स' नावाचं इंग्रजी पुस्तक केलं, त्यात आईच्या आठवणींचा अनुवाद घातला. वडिलांचं 'आत्मवृत्त' तर १९१५ पासूनच छापलेलं होतं. त्या पुस्तकात आई-वडील दोघांचंही सांगणं आहे. ते वाचताना एकाच घराच्या दोन खिडक्यांतून पाहिल्यासारखं वाटतं. एका खिडकीतून लांबवरचा रस्ता दिसतो, दुसरीतून मागचं अंगण. आईने केलेल्या तक्रारींवर मुलाने पांघरूण घातलं नाही, याचं मला कौतुक वाटतं. आपल्यात किती मुलगे आईचं रागावणं छापतील? आईचं प्रेम छापतात, आईच्या हातची पुरणपोळी छापतात.

बाया २९ नोव्हेंबर १९५० रोजी गेल्या. पंच्याऐंशीच्या घरातलं वय. सत्तावन्न वर्षांचा संसार झाला. ज्या मुलीचा पहिला संसार वर्षभरही टिकला नव्हता, तिचा. पद्मविभूषण, भारतरत्न, तिकीट, शंभरावा वाढदिवस, हे सगळं नंतरचं. ते पाहायला त्या नव्हत्या. अण्णांनी त्यांच्या मागे बारा वर्षं काढली.

'माझे पुराण'ची माझी जुनी प्रत आता माझ्या नातीकडे आहे. ती इंग्रजी शाळेत शिकली, मराठी वाचताना अडखळते, म्हणून आम्ही दोघी रोज संध्याकाळी दोन-दोन पानं वाचतो. सासरच्या शेतातल्या राबण्यापर्यंत आलो आहोत. काल तिने आलवण म्हणजे काय विचारलं. मी तिला रंग सांगितला, कापड सांगितलं, आणि मग आत्याआजीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "तिचा फोटो आहे का?" आमच्या घरी तरी नाही. विधवेचा फोटो कोण काढणार होतं? पण आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी जुन्या मुंजीच्या किंवा लग्नाच्या ग्रुप फोटोत ती मागे कुठेतरी, दाराच्या आड, अर्धी का होईना, आलेली असेल. तर मंडळी, विशेषतः रत्नागिरीकडची आणि बडोद्याची, जुने अल्बम एकदा उघडून बघा. आणि तिच्या नवऱ्याचं नाव कुणाच्या कागदपत्रांत, कुलवृत्तांतात सापडलं तर तेही मला कळवा.